अंगणातला खड्डा आणि सव्वीस जुलै : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

पावसाचे पाणी आणि सांडपाणी माती, खडी व वनस्पती यांच्या साहाय्याने वस्तीतच हाताळावे, या माझ्या लेखावर आपण परळहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चाळीत पाय ठेवायला जागा नाही तिथे कर्दळी कुठे लावणार, साचलेल्या पाण्यात डास होणार, आणि सव्वीस जुलैसारखा पाऊस आला की हे सगळे कुचकामी ठरणार, हे आपले तीन आक्षेप. अशा लेखनामुळे महापालिकेला आयतीच पळवाट मिळते, हा चौथा. पहिला आक्षेप सांडपाण्यापुरता मला पूर्ण मान्य आहे. मूळ लेखात मी जागेचा हिशेब मांडला नाही, ही माझी चूक.

तो आता मांडतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले आणि खडीत वनस्पती लावलेल्या वाफ्याला आपल्या उष्ण हवेतही माणशी एक ते दीड चौरस मीटर जागा लागते असे धरले, तर दीडशे माणसांच्या इमारतीला दीडशे ते सव्वादोनशे चौरस मीटरचा वाफा हवा. एवढे मोकळे अंगण आमच्या मुलुंडच्या सोसायटीतही नाही, तेव्हा चाळीचे नावच नको. महापालिकेने वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे हाती घेतलेल्या सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता रोज २४६.४ कोटी लिटर आहे; ते काम कर्दळीने होईल असे कोणी म्हणू नये. मात्र हाच हिशेब उलट्या टोकाने करून पाहावा. दोन हजार चौरस मीटरच्या उद्यानाला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे पाच लिटर म्हटले तरी रोज दहा हजार लिटर पाणी लागते. शेजारच्या वाहिनीतून तेवढेच, म्हणजे सुमारे पंचाहत्तर माणसांचे, सांडपाणी उचलायचे, आधी टाकीत गाळ बसू द्यायचा आणि मग वाफ्यातून फिरवायचे ठरवले, तर वाफ्याला साधारण शंभर चौरस मीटर, म्हणजे उद्यानाचा विसावा भाग, पुरतो. वस्तीचे सगळे सांडपाणी शुद्ध करण्याचा आग्रह सोडला, की जागेची अडचण बरीच सैल होते.

पावसाची गोष्ट वेगळी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढा पडला असता तर पावणेचार लाख लिटरहून अधिक पाणी झाले असते, आणि गच्चीचे पाणी मुरवण्यासाठी आमच्या अंगणात केलेला खड्डा धरतो नऊ हजार लिटर. त्या दिवसापुढे तो काहीच नाही. पण वीस मिलिमीटरची सर आली तर त्याच गच्चीचे आठ हजार लिटर पाणी तो पोटात घेतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या, तोही ओहोटीच्या वेळचा धरून, हिशेबाने बांधलेल्या आहेत. तेव्हा रस्त्यावर येणारा पहिला लोंढा तासभर अडवून धरणे हे क्षुल्लक काम नव्हे. आपल्याच भागात हिंदमाता परिसरात साचणारे पाणी भूमिगत टाक्यांत धरून नंतर सोडण्याची सोय झाली, तिचेही तत्त्व हेच आहे. एक दुरुस्ती मात्र करतो : सखल आणि भराव घातलेल्या भागात पावसाळ्यात जमिनीखालचे पाणीच इतके वर येते की निव्वळ शोषखड्डा निरुपयोगी ठरतो. तिथे तळाशी छिद्रांचा पाइप घालून पाणी सावकाश वाहिनीत सोडावे लागते.

डासांबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. सांडपाण्याच्या वाफ्यात पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते, वर दिसतच नाही. आणि पावसाचा खड्डा एका दिवसात रिकामा झाला तर अंड्यापासून डास व्हायला लागणारा आठवडाभराचा अवधी त्याला मिळत नाही. पण तो रिकामा झाला तर! आमच्याकडे दुसऱ्या वर्षी इमारतीच्या दुरुस्तीचे सिमेंटमिश्रित पाणी कंत्राटदाराच्या माणसांनी सरळ त्या खड्ड्यात सोडले, वर राखाडी पापुद्रा धरला आणि जुलैत पाणी चार दिवस हलले नाही. तळमजल्यावरच्या काकू रोज सकाळी मला गॅलरीतून ते बोट करून दाखवत. अखेर वरची चार बोटे माती खरवडून काढली, नवी रेती घातली, तेव्हा पाणी उतरले. या पद्धतीचा खरा दुबळेपणा जागा नसून देखभाल आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका तोच आक्षेप नव्हता, याचे मला नवल वाटले.

पळवाटेबद्दल एवढेच, की नालेसफाई आणि मैलावाहिन्या ही महापालिकेचीच जबाबदारी आहे व राहील. आपल्या चाळीपुरते मात्र एक करून पाहा. पावसाळ्याआधी गच्चीच्या पाइपात बादलीभर रंगीत पाणी ओता आणि प्लंबरला आवारातल्या चेंबरांची झाकणे उचलायला सांगा. रंग जर मैल्याच्या चेंबरमध्ये उतरला, तर पहिल्याच जोरदार सरीला ते चेंबर का उफाळते हे कळेल, आणि खड्ड्याचा विचार त्या जोडणीच्या दुरुस्तीनंतर करता येईल.