मॉस्क्वा ड्रोननं बुडाली नाय, थोडा खुलासा

परवापासनं सोलापुरातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायलंय. युक्रेनच्या ड्रोननं रशियाची मॉस्क्वा ही युद्धनौका बुडवली, म्हणजे युद्धनौकांचा जमाना संपला, आता विक्रांतवर पैसे कशाला घालायचे म्हणे. पार्क चौकात चहा पिताना पण हाच विषय, आणि सगळे एकदम ॲडमिरल!

मॉस्क्वा एप्रिल २०२२ मधी बुडाली ती युक्रेनच्या नेपच्यून मिसाईलनं. जमिनीवरनं, ट्रकवरच्या लाँचरातनं सोडायचं मिसाईल ते. आणि जहाज १९८० च्या दशकातलं, रडार-सिस्टिम जुनी. रशिया तर आग लागली आणि वादळात बुडालं एवढंच म्हणत बसला.

समुद्री ड्रोनची कमाल खोटी नाय पण, ती वेगळी. फेब्रुवारी २०२४ मधी रशियाची इव्हानोवेट्स ही छोटी युद्धनौका बुडवली ती युक्रेनच्या मगुरा ड्रोननं. साधारण साडेपाच मीटरची बिनमाणसाची स्पीडबोट, पाण्याला चिकटून येते त्यामुळं रडारवर लवकर दिसत नाय, पोटात स्फोटकं, आणि एकामागनं एक येऊन एकाच जागी धडकत्यात. काळा समुद्र छोटा आणि किनारा जवळ, म्हणून हे जमलं.

आता तांबडा समुद्र बघा. येमेनच्या हुथी बंडखोरांनी ड्रोन-मिसाईलं सोडली, अमेरिकेच्या डिस्ट्रॉयर युद्धनौकांनी ढिगानं पाडली. खरं दुखणं खर्चाचं हाय बे, स्वस्त ड्रोन पाडायला कोट्यवधीचं मिसाईल! म्हणून तर स्वस्तात ड्रोन पाडणाऱ्या लेझरच्या मागं लागलेत सगळे. जहाजं मोडीत काढली कुणीच नाय, आपल्याच नौदलात १५ जानेवारी २०२५ ला सुरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर पाणबुडी एकाच दिवशी आल्या. तवा ते फॉरवर्ड पुढं ढकलू नका.