वाइडस्क्रीन मॉनिटर आणि इंचांचा हिशेब: एक खुलासा

घरच्या संगणकासाठी मॉनिटर निवडताना, ‘तितक्याच इंचांचा वाइडस्क्रीन घेतला की पडदा मोठा मिळतो’ असा दावा सध्या सर्रास पुढे पाठवला जात आहे. तो चुकीचा आहे. मॉनिटरचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे माप असते. आणि कर्ण तोच ठेवून पडदा जितका रुंद करावा तितके त्याचे क्षेत्रफळ घटत जाते, हे शाळेतल्या भूमितीनेच सिद्ध होते. जुना ५:४ प्रमाणाचा १९ इंची पडदा सुमारे १४.८ इंच रुंद आणि ११.९ इंच उंच असतो, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १७६ चौरस इंच. १६:९ प्रमाणाचा १९ इंची पडदा १६.६ इंच रुंद असला तरी उंचीला जेमतेम ९.३ इंच भरतो आणि क्षेत्रफळ १५४ चौरस इंचांवर येते.

याचा अर्थ वाइडस्क्रीन घेऊच नये, असा मुळीच नाही. चित्रपट पाहणे किंवा दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून काम करणे त्यावर निश्चितच सोयीचे होते. मात्र ज्यांचे काम मुख्यतः लांब मजकूर वाचण्या-लिहिण्याचे आहे, त्यांनी रुंदीपेक्षा उंची पाहावी, आणि माझ्या मते हीच बाब दुकानात सर्वांत कमी सांगितली जाते. जुन्या १९ इंची पडद्याची उंची हवी असेल, तर १६:९ मध्ये सुमारे २४ इंची मॉनिटर घ्यावा लागतो. १६:१० प्रमाणाचा मिळाल्यास त्याच २४ इंचांत उंची जवळपास एक इंचाने वाढते.