परवानगी लागत नाही, एवढं लेखी आणा

अभिनंदन. कोकणात आजोबांच्या जमिनीवर दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागच्या दारी विहीर असं घर बांधायचं तुम्ही ठरवलंत. निवृत्तीला अजून दहा वर्षं आहेत म्हणता? अगदी वेळेत जागे झालात.

आधी आनंदाची बातमी घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये शासनाने जाहीर केलं की गावात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. मालकीचे कागद, जागेचा नकाशा, घराचा नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायतीला फक्त कळवायचं. १६०० ते ३२०० असेल, तर विकास शुल्क किती ते ग्रामपंचायतीने दहा दिवसांत सांगायचं आणि तुम्ही ते भरलंत की पुढच्या दहा दिवसांत दाखला द्यायचा. नगररचनाकाराकडे जायचं कामच नाही. बातमीचं कात्रण जपून ठेवा. ते वाचून तुम्हाला जो आनंद झाला, तो या प्रकरणातला सर्वात मोठा आनंद आहे, पुढे तो कधी लागेल सांगता येत नाही.

कात्रण घेऊन ग्रामपंचायतीत जा. तिथे ग्रामसेवक भेटतील, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी. २०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, टेबल तेच आहे. ते तुम्हाला बसायला खुर्ची देतील, चहा मागवतील आणि अत्यंत खरं बोलतील. "साहेब, परवानगी लागतच नाही. जी लागत नाही ती मी देऊ कशी?"

तुम्ही खूश होऊन बँकेत जाता. गृहकर्ज देणारी ताई यादी पुढे सरकवते. यादीत तिसऱ्या ओळीला 'बांधकाम परवानगी व मंजूर नकाशा'. तुम्ही कात्रण दाखवता. ती ते मनापासून वाचते, मान डोलावते आणि म्हणते, "छान आहे. तसं लेखी आणा." तुम्ही परत ग्रामपंचायतीत. तिथे उत्तर मिळतं की परवानगी लागते तेव्हा दाखला देण्याचा नमुना आहे, परवानगी लागत नाही हे लेखी देण्याचा नमुना अजून आलेला नाही. आला की कळवू. यात कोणाचाही दोष नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे एखादा नियम रद्द होतो तेव्हा तो फक्त रद्द करणाऱ्याच्या कपाटातून जातो. बँक, वीजजोडणी, विमा आणि गावातला सावंतांचा बाबू यांच्या कपाटात तो सुखरूप असतो.

म्हणून पहिला व्यावहारिक सल्ला. भूखंड १६०० चौरस फुटांत बसत असेल तर परसू थोडं वाढवा. १६१० झालं की तुम्ही परवानगी लागणाऱ्या भाग्यवंतांत आलात. आता तुम्हाला नमुना आहे, शुल्क आहे, पावती आहे, खरा शिक्क्याचा कागद आहे. सुलभतेपासून दहा फूट लांब राहिलेलं बरं असतं.

आता ग्रामपंचायतीला जोडायच्या कागदांतले पहिले दोन शब्द बघा. 'मालकीचे कागद.' किती सहज लिहिलंय!

सातबारा आता ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. पंधरा रुपयांत इतकी करमणूक दुसरीकडे नाही. वरून वाचायला लागा. पहिलं नाव तुमच्या पणजोबांचं, ते वारले तेव्हा मुंबईत ट्राम धावत होती. त्यांच्या पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंब फुटून चार पिढ्या झाल्या, मॅनेजर अजून ड्युटीवर. खाली तुमच्या आत्याच्या सासऱ्यांचं नाव का आहे, हे आत्यालाही माहीत नाही. त्याखाली रमाकांतकाका, 'अ.पा.क.' या शेऱ्यासह. अर्थात 'अज्ञान पालनकर्ता', म्हणजे वारस अल्पवयीन आणि कारभार पालकाकडे. काका पंच्याहत्तरीचे आहेत, गुडघे बदलून झालेत, पण महसुली दप्तरात ते अजून अज्ञान आहेत आणि त्यांची पालनकर्ती आई स्वर्गातून त्यांचा सांभाळ करते आहे.

शासनाला हे माहीत नाही असं समजू नका. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढली, मयतांची नावं काढून वारसांची लावायला. मोहीम चांगली आहे, खरंच चांगली आहे. पण तिच्यामुळे एका मेलेल्या पणजोबांच्या जागी सत्तावीस जिवंत माणसं येतात. मेलेल्या माणसाचा एक मोठा गुण असतो, तो हरकत घेत नाही. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि कोकणी माणसाला हरकत सुचायला पंधरा मिनिटं पुरतात.

तेव्हा आता संमतीपत्रं. पूर्वी १०० च्या बॉण्डवर भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे ५०० चा लागतो. सहहिस्सेदारांना फोन करताना 'घर' हा शब्द चुकूनही वापरू नका. ज्या जमिनीत गेली चाळीस वर्षं फक्त रानडुकरं राबली, तिच्यात घर येतंय म्हटल्यावर तिच्याबद्दल सगळ्यांना एकदम माया वाटू लागते. डोंबिवलीच्या काकूंना तिथला हापूस आठवतो. तिथे हापूस कधीच नव्हता, रायवळ होता, पण माया कलमं करते. गावच्या दादाला फोन लावलात तर तो म्हणेल, "गणपतीक येतलंस ना? तेव्हा बघूया." गणपतीत तो म्हणेल, "आता आरती आसा, शिमग्याक बघूया." शिमग्याला पालखी नाचवायची असते. दादा खोटं बोलत नाही, तो खरंच बघतो. बघतच असतो.

संमती जमत नसेल तर कायदा आहे. जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५, तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. वाटणीत तुमच्या वाट्याला समजा साडेतीन गुंठे आले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, घर आरामात बसतं. पण आता १९४७ चा तुकडेबंदी कायदा खाकरतो. जिरायत जमिनीचा २० गुंठ्यांच्या खालचा तुकडा पाडायचा नाही, बागायत असेल तर १०. ही मर्यादा २०२३ मध्ये खाली आणलेली आहे बरं का, आधी याहून वर होती. त्यानंतरही सवलती निघताहेत. निघालेली सवलत आपल्याला लागू आहे का, हे ऑफिसात विचारायला जाऊ नका. विचारलं की मार्गदर्शन मागवतात, आणि वरून मार्गदर्शन यायला लागणारा वेळ कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही.

बिनशेतीचं काय, असा प्रश्न एव्हाना तुमच्या वकील मेव्हण्याने विचारला असेल. त्याला सांगा, कलम ४२-ड वाच. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर वेगळी बिनशेती परवानगी नको, रूपांतरण कर वगैरे भरला की झालं. सुंदर कलम आहे. देशावर, जिथे गाव वेशीच्या आत एकगठ्ठा बसलेलं असतं, तिथे उत्तम चालतं. आपल्याकडे गाव म्हणजे बारा वाड्या, एकेका टेंबावर विखुरलेल्या, आणि कितीतरी गावांना नोंदलेलं गावठाणच नाही. तेव्हा जे नाही त्याच्या हद्दीपासून २०० मीटर मोजायचे आहेत. चांगली टेप घ्या.

मोजण्याचा विषय निघालाच आहे. पूर्वी सरकारी मोजणीचे चार प्रकार होते: साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची. डिसेंबर २०२४ पासून दोनच उरले, नियमित आणि द्रुतगती. तातडीला विशेषणं कमी पडायला लागल्यावर संस्कृत मदतीला आलं. मोजणीदार मशीन घेऊन येतील त्या दिवशी लगतधारकांनाही नोटीस असते आणि ते झाडून येतात. शेजारचे तात्या गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावर, बसून राहतील, काही बोलणार नाहीत. मोजणीदार म्हणतील की हद्द गडग्याच्या पलीकडे चार हात आहे. तात्या पानाला चुना लावत विचारतील, "मशीन खंयचा? जपानचा? मगे तेका आमचो गडगो कसो कळतलो?" या प्रश्नाला भूमी अभिलेखाकडे उत्तर नाही. चिऱ्याचा गडगा दर पावसाळ्यात ढासळतो आणि दर दिवाळीत पुन्हा रचला जातो, तो नेमका त्याच जागी रचला जातो असं कोणी म्हटलंय? नकाशाची 'क' प्रत मात्र हातात पडेपर्यंत सोडू नका.

या सगळ्या काळात बाबू सावंताने काय केलं ते बघा. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. दोन सुट्ट्या आणि रविवार जोडून आले तेव्हा पाया काढला, मे महिन्यात स्लॅब टाकला. ग्रामपंचायतीने रीतसर घरपट्टी लावली, नमुना नंबर ८ ला त्याचं घर चढलं. (हा नमुना ८ ग्रामपंचायतीचा. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा. तुम्ही जो आणाल, त्याच्या पुढच्या टेबलावर दुसरा हवा असतो.) घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, असं कायदा सांगतो आणि बाबूलाही ते पाठ आहे. पण त्याच्या घरात पंखा फिरतोय, आणि तुमच्याकडे फाईल आहे.

शेवटी तुम्ही कंटाळून, निदान सिमेंट भिजू नये म्हणून, चार खांबांवर पत्रा टाकाल. दुसऱ्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत तक्रार अर्ज पडेल. अर्जदार अर्थातच बाबू, विषय 'विनापरवाना बांधकाम'. मग तुम्हाला नोटीस येईल.

घाबरू नका, तिचं स्वागत करा. तिच्यावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, गोल शिक्का असतो. तुमचं पूर्ण नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा, आणि 'आपण सदर जागेत करीत असलेले घराचे बांधकाम' असा स्वच्छ उल्लेख असतो. तुमच्या घराचं अस्तित्व मान्य करणारा हा पहिला सरकारी कागद. चार झेरॉक्स काढा आणि एक बँकेतल्या ताईला नेऊन द्या. मूळ प्रत मात्र कोणी कितीही मागितली तरी देऊ नका.