कप हवा, पण हा पैसा?

पुरे झालं आता! न्यूकॅसल या माझ्या लाडक्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मालकांबद्दल शब्द काढला की लगेच ऐकवतात, "खेळात राजकारण कशाला आणतोस?" अरे, आणलं कोणी? ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी निधीने क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला, ते राजकारण नव्हतं? क्लबच्या मैदानाबाहेर, सेंट जेम्स पार्कबाहेर, पोरं अरबांसारखे डोक्याला टॉवेल गुंडाळून नाचत होती. सौदी सरकारच्या माणसांनी पत्रकार खशोगींचा खून केला, त्याला जेमतेम तीन वर्षं झालेली!

१२ मार्च २०२२ ला सौदीत एकाच दिवशी ८१ जणांना मृत्युदंड. दुसऱ्या दिवशी आमची चेल्सीशी मॅच. प्रशिक्षक एडी हाऊला विचारलं, तर म्हणे फक्त फुटबॉलवर बोलणार. मग बोलायचं कोणी? तिकीट काढणाऱ्यांनी?

आणि २०२५ ची लीग कप फायनल! डॅन बर्न, जवळच्या ब्लाईथचा पोरगा, याच क्लबने लहानपणी नारळ दिलेला. त्याने हेडरने गोल मारला आणि मी ढसाढसा रडलो. ७० वर्षांनी देशातला मोठा करंडक! माझ्या आयुष्यातला एवढा मोठा आनंद, आणि त्याच्या फोटोतसुद्धा हेच मालक? का म्हणून?