खुलासा : हाइझमन करंडक आणि बचावपटू

‘अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार, बचावपटूला कधीच मिळालेला नाही,’ असं सध्या ठासून सांगितलं जातंय. ते चूक आहे. मिशिगन विद्यापीठाचा कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्ध्याचे पास अडवणारा बचावपटू) चार्ल्स वुडसन याने १९९७ साली तो जिंकला, तोही टेनेसीचा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) पेटन मॅनिंग शर्यतीत असताना. गोंधळ होण्याजोगं कारण आहे म्हणा : वुडसन अधूनमधून आक्रमणातही उतरायचा, पंटही (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) झेलून परत धावायचा. ओहायो स्टेटविरुद्ध पंट झेलून ७८ यार्ड धावत त्याने टचडाउन केलं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला, ते लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्याचं मुख्य काम बचावाचंच.

नेब्रास्काचा एन्डामुकाँग सू हाही बचावपटू, पण तो मात्र विजेता नव्हे. २००९ मध्ये तो चौथा आला. करंडक अलाबामाच्या मार्क इंग्रमला मिळाला.