स्वागताचा साचा

जुन्या विहिरी आणि बारवा यांची माहिती गोळा करणाऱ्या एका छोट्या विकीवर मी गेली काही वर्षे हौसेने राबतो आहे. तेथे कोणी नवे खाते उघडले की त्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला ठरावीक मजकूर, आपोआप उमटतो. हा मजकूर फार कोरडा आहे, असे मी एकदा चावडीवर लिहिले आणि तासाभरात तो सुधारण्याचे काम एकमताने माझ्याच गळ्यात पडले.

'चावडी' हा शब्द आम्ही मराठी विकिपीडियावरून उचलला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या त्या ज्ञानकोशावर चर्चेच्या जागेला चावडी, सरावाच्या पानाला धूळपाटी आणि यांत्रिक कामे उरकणाऱ्या बॉटला सांगकाम्या म्हणतात. ही नावे इतकी चपखल आहेत की ती उसनी घेताना आम्हाला जराही संकोच वाटला नाही. स्वागतही उसनेच घेतले असते तर पुढचे सारे टळले असते.

पहिला तंटा संबोधनावरून झाला. 'तू' म्हणजे आगाऊपणा आणि 'आपण' म्हणजे बँकेची नोटीस, अशी मते पडल्यावर 'तुम्ही'वर तडजोड व्हायला चार दिवस लागले. मग लिंगाचा प्रश्न आला. सदस्याने आपल्या पसंतीत नोंदवलेल्या लिंगानुसार शब्द बदलण्याची सोय मीडियाविकीत, म्हणजे आमची विकी ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे, पण आमच्याकडे ती नोंद कोणी करतच नाही. म्हणून 'नवा' की 'नवी' हा घोळ टाळून आम्ही सगळी वाक्ये 'तुम्ही आलात, बरे वाटले' अशा कोणालाही चालेल अशा वळणावर नेली. नावाआधी 'आदरणीय' हवेच, असा आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा आग्रह होता. सदस्यनाव साचा स्वतःच भरतो, त्यामुळे पहिल्याच चाचणीत 'आदरणीय झोपाळूमांजर' असे स्वागत झाले आणि गुरुजी दोन दिवस चावडीवर फिरकले नाहीत.

त्यानंतर प्रत्येकाने आपली एकेक ओळ आत सरकवली: छायाचित्रांचा परवाना, संदर्भ, ऱ्हस्व-दीर्घ, आणि बारवेच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना घ्यायची काळजी. दारात आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी सोसायटीची नियमावली वाचून दाखवावी, तसे ते स्वागत झाले.

शेवटी सहीचा भाग राहिला. विकीवर लागोपाठ चार टिल्ड, म्हणजे त्या नागमोडी रेघा, लिहिल्या की पान जतन होताना त्यांच्या जागी लिहिणाऱ्याची सही, वेळ आणि तारीख येते. साच्यात मात्र त्या उघड्या ठेवायच्या नसतात, नाहीतर साचा जतन करणाऱ्याचीच सही त्यात गोठून बसते. हे मी इतरांना कितीदा तरी समजावले आहे, आणि तरीही त्या रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी मी त्या उघड्याच ठेवून निश्चिंत मनाने झोपलो.

पुढचे तीन आठवडे जो कोणी आला, मग तो सकाळी दहाला येवो की भर दुपारी, त्याचे स्वागत मी रात्री १:४७ लाच केले. काहींचे तर त्यांनी खाते उघडण्याच्या पंधरा दिवस आधीच करून ठेवले होते. त्यात स्वागताचा मजकूर चर्चापानावर कायमचा उतरवावा हा नियमही माझाच, त्यामुळे साचा दुरुस्त करून जुनी पाने सुधारणार नव्हती. सांगकाम्या चालवणारे गृहस्थ लग्नाला गावी गेलेले. सत्तावीस पाने मी हाताने दुरुस्त करायला बसलो.

एकोणिसाव्या पानावर माझ्या सहीखाली एक ओळ होती: "काका, रोज इतक्या रात्रीपर्यंत जागू नका."

आमच्या स्वागताला आलेले ते पहिलेच उत्तर होते. त्या सदस्याने पुढे आपल्या गावच्या बारवेवर पानही लिहिले. साचा आता निर्दोष आहे आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. ती चूक पुन्हा साच्यात घालावी, असा प्रस्ताव गुरुजींनी चावडीवर मांडला असून त्यावर सध्या कौल चालू आहे.