क्रूझ लावला म्हणून गाडी आपोआप थांबत नाही
वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘अहमदाबाद एक्सप्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावा, पुढे ट्रक आला की गाडी स्वतःच ब्रेक मारते.’ हे सरसकट खरं नाही. साधा क्रूझ ठरवलेला वेग धरून ठेवतो, बस्स. पुढचं त्याला दिसतच नाही. 80 वर लावलात तर ट्रकच्या मागेही 80च. ब्रेक दाबला की तो सुटतो, पण दाबायचा तुम्हीच. पुढच्या गाडीपासून अंतर राखतो तो अडॅप्टिव्ह क्रूझ, कारण त्याला पुढे रडार किंवा काचेवर कॅमेरा असतो. तोही उभं वाहन कधीकधी ओळखत नाही; मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं असतं (वाचतो कोण, म्हणा!). स्टिअरिंगवर अंतर कमी-जास्त करायचं बटण (त्यावर गाडीचं चित्र आणि मागे आडव्या रेघा असतात) नसेल, तर तुमचा क्रूझ बहुधा साधाच.